धुऊन पाठवलेली माती

९ जानेवारी

ढेकळ्या,

आशीर्वाद गृहीत धर. कामाचं लिहिते.

शेजारच्या बालवाडीच्या बाई तुला माहीत आहेत. नाकावर चष्मा आणि कडेवर कायम कुणाचं तरी पोर. त्यांच्या मालकाने जागा परत मागितली आहे. पंधरा एप्रिलला खोल्या सोडायच्या. मुलं आहेत एकोणतीस. बाई तीन जागा बघून आल्या. एक तिसऱ्या मजल्यावर, एक गॅरेजच्या वर, आणि एकीला खिडकीच नाही. मी म्हटलं, कशाला वणवण करता? माझी रंगाची शेड रिकामी पडली आहे, मागे एवढं मोठं अंगण आहे, आणा पोरं इकडे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते रडणं-बिडणं जमत नाही, म्हणून मी आत जाऊन धुतलेली भांडी परत धुतली.

आता घोळ ऐक. बालवाडीची परवानगी देणाऱ्या नगरपालिकेच्या कार्यालयातला कारकून म्हणतो, इथे पूर्वी सूत रंगवायचा कारखाना होता, तेव्हा मातीचा दाखला हवा. कारखाना कसला डोंबलाचा! दोन हौद, एक भट्टी आणि आम्ही दोघं नवरा-बायको. पण त्याला कोण समजावणार? दाखला कोण देतं विचारलं, तर तुझ्या प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. म्हटलं चला, घरचंच माणूस निघालं.

डब्यात माती पाठवते आहे. चार ओळी लिही, सही कर, शिक्का मार आणि पाठव. यंत्रं वगैरे लावत बसू नकोस. लहानपणी सुट्टीला यायचास तेव्हा याच अंगणातली माती मुठीमुठीने खाल्ली आहेस आणि चांगला घोड्यासारखा वाढलास. ढेकळ्या हे नाव काय उगाच पडलं?

फोन करू नकोस. फोनवर तू हूं हूं करतोस आणि नंतर म्हणतोस, आत्या, मी असं बोललोच नव्हतो.

आत्या

१८ जानेवारी

आत्या, नमस्कार.

आशीर्वाद गृहीत धरले. डबा पोचला. त्यावर 'चहा' असं लिहिलेलं असल्यामुळे तो आमच्या शिपायाने थेट चहाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. आधण चढलं होतं. मी वेळेवर पोचलो, नाहीतर साहेबांसकट सगळा विभाग आज ढेकळ्या झाला असता.

आता तुला राग येणारच आहे, तर लवकर आणतो. शिक्का असा मारता येत नाही. नमुना तपासायचा, आकडे लिहायचे, मग सही. आणि तू माझी आत्या, म्हणून सही माझी चालणार नाही, आमच्या साहेबांची लागेल. मी फक्त तपासणार आणि फॉर्म भरणार.

तीन गोष्टी कळव. माती कुठून काढलीस? किती खोलवरची? आणि तिसरी महत्त्वाची, हौदातलं उरलेलं पाणी तुम्ही कुठे ओतायचात? तुम्ही तो बर्फातला लाल रंग करायचात ना, आतोबा बर्फाची लादी पोत्यात घालून फोडायचे ते मला चांगलं आठवतं. त्या रंगाला बेस नावाची जी पूड लागायची, तिच्यात अमाइन नावाची द्रव्यं असतात. काही अमाइनं अंगाला वाईट. मी तीच शोधणार आहे.

बाकी, घोड्यासारखा वाढलो ही गोष्ट माझ्या बायकोला पटलेली नाही. ती दुसऱ्या एका प्राण्याचं नाव घेते.

तुझा (नाइलाजाने) ढेकळ्या

२५ जानेवारी

ढेकळ्या,

हौदातलं पाणी गटारात जायचं. पाणी आणखी कुठे जातं? वर?

माती मागच्या भिंतीजवळची, तुतीच्या झाडाखालची. खुरपं गेलं तेवढी खोल. चांगल्यातली चांगली बघून पाठवली आहे. घाण पाठवायची आपल्यात पद्धत नाही.

बाईंनी अंगण वाटून टाकलं. घसरगुंडी मध्ये. मागच्या दाराच्या पायरीशी, शेडच्या पत्र्याखाली, मुलांना वाळूत खेळायला खड्डा, तिथे सावली असते म्हणून. भिंतीकडे झाडं लावणार. कागदावर सगळं रंगवून आणलं होतं. मी म्हटलं, छान.

बायकोला सांग, तिचं बरोबर आहे.

आत्या

१६ फेब्रुवारी

आत्या,

तपासणी झाली. काहीही सापडलं नाही. एकही अमाइन नाही.

तू आता बाईंकडे धावत सुटली असशील, तर माघारी फिर. मी फॉर्म भरलेला नाही. बावीस वर्षं मी माती बघतो आहे, इतकी स्वच्छ माती आजवर बघितलेली नाही. काडी नाही, मूळ नाही, किडा नाही, काळेपणा नाही. नुसती गोरीपान वाळू. मला आठवते ती भिंतीजवळची माती काळीभोर होती. खाल्ल्यावर दात काळे व्हायचे, आई आरसा आणून दाखवायची आणि मग धपाटा घालायची.

आत्या, खरं सांग. डब्यात भरण्याआधी तू त्या मातीचं काय केलंस?

ढेकळ्या

२१ फेब्रुवारी

ढेकळ्या,

काय केलं म्हणजे? धुतली!

सरकारी ठिकाणी पाठवायची वस्तू. चार माणसं बघणार, वर तुझं नाव खराब होणार. आधी पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली, मुळं-काड्या वेचल्या. मग घमेल्यात घालून पाणी ओतलं. बाई गं, काय तो काळा राडा वर आला! तीन पाण्यांनी सुटेना, पाचव्या पाण्याला कुठे निवळ झालं. मग पांढऱ्या कापडावर उन्हात वाळवली, परत चाळली, मग डबा भरला. दोन दिवस गेले त्यात. सूत रंगवायच्या आधी आम्ही लड्या तरी काय वेगळ्या धुवायचो?

काळं पाणी वाया घालवलं नाही. बाईंच्या कुंड्यांना घातलं. कुंड्या तरारल्या आहेत.

आणि तू विचारतोस 'काय केलंस', जसं काही मी कुणाचा गळा दाबला. काही सापडलं नाही ना? मग लिही तसं. सापडलं नाही म्हणजे नाही.

आत्या

१ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी विभागात मोठ्याने वाचलं. वाचायला नको होतं. आमचे साहेब, जे पाच वर्षांत एकदा हसतात, ते खुर्चीवरून उठून खिडकीकडे गेले आणि पाठमोरे उभे राहून हलत होते. आता इथे कुणी नमुना आणला की पहिला प्रश्न असतो, आंघोळ झाली का याची?

पण ऐक. तू मला रिकामं पातेलं घासूनपुसून पाठवलंस आणि आतलं जेवण कुंड्यांना घातलंस.

त्या काळ्या राड्यातच सगळं असतं. पाला, मुळं, किडे वर्षानुवर्षं कुजतात आणि त्यांचा तो काळा भाग होतो. ह्यूमस म्हणतात त्याला. वाळूचा कण गुळगुळीत, त्याला कुणी धरत नाही, तोही कुणाला धरत नाही. ह्यूमसच्या अंगावर मात्र जागोजाग धरायच्या जागा असतात. अमाइन त्याच्याजवळ आलं की आधी नुसतं टेकतं. तेव्हा पाण्याने सुटू शकतं. पण तसंच राहिलं, महिने गेले, वर्षं गेली, की त्यांची खरी गाठ बसते. रासायनिक गाठ. मग ते अमाइन वेगळं राहतच नाही, त्या काळ्या मातीचाच एक तुकडा होऊन जातं. म्हणून तू काळा भाग काढून टाकलास आणि मला काही सापडलं नाही. ते नाही असं नाही. मी जिथे बघायला हवं होतं ते तू पाचव्या पाण्याला ओतून दिलंस.

भिंतीजवळची माती परत पाठव. तीन पिशव्या: वरची, वीतभर खालची, हातभर खालची. धुवायची नाही. चाळायची नाही. मनात येईल, पण आवर.

आणि बाईंच्या कुंड्या घरी आण, सबब काहीही सांग.

एक आणखी. गटार रस्त्याच्या बाजूला होतं. हौद मागे होते. मी लहान होतो, पण आंधळा नव्हतो.

ढेकळ्या

१९ मार्च

ढेकळ्या,

तीन पिशव्या पाठवल्या आहेत. न धुतलेल्या. एकीत गांडूळ होतं, ते काढून परत अंगणात सोडलं, तेवढी माफी कर. कुंड्याही आणल्या. मला अचानक फुलांचा नाद लागलाय असं सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही, पण दिल्या.

गटाराचं मी खोटं लिहिलं. भरलेलं घमेलं उचलून सगळं घर ओलांडून गटारापर्यंत कोण जाणार? एक कडी ह्यांनी धरायची, एक मी, आणि भिंतीशी तुतीखाली ओतायचं. दर शनिवारी काम संपलं की. सत्तावीस वर्षं. जमीन पिऊन टाकायची. हे म्हणायचे, बिचारी गरीब आहे, काही बोलत नाही. आम्हाला वाटलं संपलं.

ह्यांचं दुखणं लघवीच्या पिशवीचं होतं हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी विचारलं, काम कसलं करायचात? हे म्हणाले, रंगाचं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि मान वर केली नाही. मी पुढे काही विचारलं नाही. तेव्हा कळून काय करणार होते?

आता मात्र कळायला हवं. परवा बाई मुलांना अंगण दाखवायला घेऊन आल्या. एक वीतभर पोर, नाकाला शेंबूड, ते सरळ भिंतीकडे गेलं, फतकल मारली, बोट मातीत घातलं आणि तोंडात. मी अशी ओरडले की सगळी एकोणतीस रडायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो, माती आहे. मुलं खायचीच." मी म्हटलं, "माझ्या अंगणातली नाही खायची." का, ते नाही सांगितलं.

तेव्हा मला एकच सांग. मुलांना इथे बसवायचं की नाही? हो किंवा नाही. पानंच्या पानं नकोत.

आत्या

३० मार्च

आत्या,

हो किंवा नाही असं उत्तर असतं, तर मी कारकून झालो असतो. थोडं लिहावं लागणार. दमाने घे.

तुझ्या तिन्ही पिशव्या तपासल्या. पहिल्यांदा माती साध्या द्रावकात घालून दिवसभर हलवली. मातीला नुसतं टेकलेलं जे असतं ते त्यात सुटून येतं. फार थोडं आलं. मग तीच माती कॉस्टिक सोड्यात तापवली. आता आलं, आणि बरंच आलं. म्हणजे अमाइन आहे. तुझ्या मातीने ते गाठ मारून धरून ठेवलं आहे आणि साध्या पाण्याला ती देत नाही. कॉस्टिकनंतरही काही आत राहिलंच असणार. ते आमच्या कुठल्याच यंत्राने दिसत नाही, म्हणून त्याबद्दल मी बढाई मारणार नाही.

मग आंबट पाणी घेतलं, पोटात असतं तसं, आणि त्यात माती घुसळली. शेंबड्या पोराची परीक्षा, असं आम्ही नाव ठेवलं आहे. त्यात जवळजवळ काहीच सुटलं नाही.

ही चांगली बातमी. आता 'पण'. ही गाठ कायमची असं मी लिहून देऊ शकत नाही. चुना टाकला, खोल खणलं, पाला पडायचा थांबला आणि काळा भागच हळूहळू झिजून गेला, तर काही सुटू शकतं. शिवाय मी तीनच पिशव्या बघितल्या, अंगण मोठं आहे. नियमाने म्हटलं तर भिंतीजवळची सगळी माती काढून न्यावी, तूतही तोडावी आणि नवी माती भरावी. त्याला सहा महिने लागतील. मला माहीत आहे, बाईंकडे पंधरा दिवस आहेत.

मी काय लिहू, ते मलाच कळत नाहीये. तुला आकडे दिले. तू बोल.

ढेकळ्या

२ एप्रिल

ढेकळ्या,

तुझं पत्र बाईंकडून वाचून घेणार होते, पण ते त्यांना दाखवण्यासारखं नाही. म्हणून स्वतःच तीनदा वाचलं. अक्षर सुधार. इतकं शिकून कोंबडीचे पाय काढतोस.

तू जे लिहिलंस ते मला नवं नाही. आधी टेकतं, मग गाठ बसते. अरे, नवी सून तशीच येते. पहिल्या दिवशी दाराच्या कडेला टेकते, तेव्हा माहेरून हाक मारली की जाईल. वीस वर्षांनी तिला घरातून काढून दाखवा. घर निघेल, ती निघायची नाही.

आणि रंगाचंही तेच. लडी हौदातून काढली की लाल दिसतेच, पण म्हणून ती गिऱ्हाइकाला द्यायची नसते. साबणाच्या उकळत्या पाण्यात घालायची. नुसता चिकटलेला रंग पाण्यात उतरतो, धाग्यात बसलेला राहतो. मग ओलं पांढरं फडकं घासून बघायचं. तुझं यंत्र याहून काही वेगळं करत नाही, फक्त वीज जास्त खातं. भिंतीशी रंग बसला आहे. सत्तावीस वर्षांचा पाला तिथे धागा झाला. माझी तूत तोडायची भाषा करू नकोस, तिनेच सगळं धरून ठेवलंय.

पण तिसऱ्यांदा वाचताना मी एका जागी अडले. रंगाला बसायला धागा लागतो. धागा नसेल तिथे ओतलं तर?

हे मी तुला लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांची शेवटची दोन वर्षं हे अंथरुणाला होते. कामं आली होती ती मी एकटी करत होते. घमेलं एकटीला भिंतीपर्यंत नेता येईना. म्हणून मागच्या दारात उभी राहायची आणि पायरीशीच ओतायची. पत्र्याखाली. खाली भराव आहे, वाळू आणि विटांचे तुकडे. हे गेल्यावर त्यावर फरशी घालून घेतली, पाय घसरतो म्हणून. तिथे पाऊस पडत नाही, पान पडत नाही, गवताचं एक पातं उगवलेलं नाही. अख्ख्या अंगणात त्याच्याइतकी स्वच्छ दिसणारी जागा नाही. बाईंच्या कागदावर वाळूचा खड्डा तिथेच आहे.

काल पहार घेतली आणि एक फरशी उचकटली. हातमोजे घातले होते, लगेच लिहायला बसू नकोस. दोन पांढरी फडकी ओली केली. भिंतीच्या मातीवर घासलं ते मातकट झालं. पायरीच्या वाळूवर घासलं ते तांबूस झालं. विटांचा तांबूसपणा मला कळतो आणि माझा स्वतःचा लालही कळतो. हे जाऊन आठ वर्षं झाली, तरी ओळखला.

चौथी पिशवी पाठवते. तुझ्या सगळ्या परीक्षा घे. धुतलेली नाही.

आत्या

१२ एप्रिल

आत्या,

शेंबड्या पोराच्या परीक्षेत पायरीची वाळू नापास. सगळी पानं उलटून बघितली, दुसरा निकाल निघत नाही. आंबट पाण्यात तर सुटलंच, साध्या नळाच्या पाण्यातही सुटलं. धरायला तिथे काही नाहीच. तू घमेलं ओतलंस तेव्हा जसं होतं, जवळजवळ तसंच पडून आहे. मुलांनी त्यात हात घातले असते.

मी नकाशा काढून चौकोन पाडून पंधरा ठिकाणची माती मागवणार होतो. त्या चौकोनांतही पायरी आली नसती, कारण फरशीखाली आम्ही बघत नाही. तू सांगितलं नसतंस, तर मी त्या खड्ड्यासाठी शिक्का मारला असता. हे मी साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आत्यांना इथे नोकरीला ये म्हणावं. मी म्हटलं, नको, त्या सगळी प्रयोगशाळा धुऊन काढतील.

आता काय करायचं ते लिहितो, यावेळी एका पानात.

पायरीपासून बारा फुटांपर्यंत सगळी फरशी आणि भराव हातभर खोल काढायचा. नगरपालिकेची खास गाडी येईल, तिच्यातच द्यायचा. माझं बोलणं झालं आहे, वीस तारखेला येतील. खड्ड्यात नवी माती भरेपर्यंत शेड बंद. कुंड्यांमधली मातीही त्याच गाडीत जाईल, रोपं राहू देत.

भिंतीजवळची माती हलवायची नाही. वर जाड हिरवळ लावायची म्हणजे मुलांचा हात थेट लागणार नाही, तुतीचा पाला झाडायचा नाही, कुजू द्यायचा. चुना नाही, खणणं नाही, भाजी लावायची नाही. दर वर्षी मी येऊन तपासणार. मधल्या अंगणातून तुझ्याकडून आणखी चार पिशव्या मागवल्या होत्या, त्या चारही कोऱ्या निघाल्या. घसरगुंडीला हरकत नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. मे महिन्यात. तुझ्या तुतीसकट.

भरलेला फॉर्म सोबत आहे, साहेबांची सही झाली आहे. गाडी गेली की नवीन मातीची पावती जोडून कार्यालयात दे. तुला कुणी काही विचारणार नाही, असं बघून भरला आहे.

बाईंना सांगायला मी येऊ का? रविवारी मोकळा आहे.

ढेकळ्या

२९ एप्रिल

ढेकळ्या,

रविवारी येऊ नकोस असं मी निरोपात कळवलं होतं, ते रागाने नाही. ओतलं मी आणि सांगणार तू, हे कुठलं?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाईंना पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंत, पायरी, ह्यांचं दुखणं, कुंड्या, सगळं. बाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी ओरडलात ते याच्यासाठी?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतेय. पण आता ती पोरं वाळूत बसलेली दिसतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "खणायला किती दिवस?" बाई मला आवडतात ते याच्यासाठी. फाफटपसारा नाही.

त्यांनी पालकांना बोलावलं. म्हणाल्या, मी सांगते. मी म्हटलं, नाही, मी. उभं राहून बोलायची मला सवय नाही, तरी बोलले. एकाने विचारलं, "आजी, इतकी वर्षं तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "पहिली सत्तावीस नव्हतं. हे आजारी पडल्यानंतरची दहा मी विचारलं नाही." पाच जणांनी मुलं काढून घेतली. बरोबर केलं. माझं असतं तर मीही काढलं असतं. चोवीस राहिली. शेंबड्या पोराची आई राहिली. म्हणाली, लपवलं असतं तर नेलं असतं.

पंधरा तारखेला बाईंनी खोल्या सोडल्या. तेव्हापासून मुलं निम्मी सकाळी, निम्मी दुपारी बाईंच्या घरी. बाईंचा नवरा दिवसभर गच्चीवर बसून असतो. गाडी वीसला आली. पांढरे कपडे घातलेली चार माणसं, तोंडाला फडकी, जणू काही मी घरात साप पाळलेत. हातभर खणलं. सगळा तांबूस भराव नेला. मी शेवटच्या पाटीपर्यंत उभी होते. नवी माती भरली, दाबली. हिरवळीच्या लाद्या भिंतीशी काल लावल्या. पाणी मी घालते, दुसऱ्या कुणाला जमत नाही.

आता तुझ्या फॉर्मचं. आज कार्यालयात देण्याआधी पहिल्यांदा नीट वाचला. सगळे आकडे ठीक आहेत. सातव्या रकान्यात विचारलंय, दूषित द्रव्य कुठून आलं. त्यात तू लिहिलंस, 'अज्ञात, बहुधा जुनं.'

अज्ञात कोण रे? मला तर हे अज्ञात कधी भेटले नाहीत. तू मला वाचवायला बघितलंस ते कळलं. तुझे आतोबा असते तर तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता आणि मग कान धरला असता. मी नुसता कान धरते. मी काही कायमची बसलेली नाही इथे. उद्या नवीन माणूस येईल, भिंतीशी खणायला घेईल, भाजी लावीन म्हणेल, वर चुना टाकील. तो विचारायला कुणाकडे जाणार, अज्ञाताकडे?

मी ते खोडलं आणि खाली लिहिलं. कारकून म्हणाला खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म आणा. तेव्हा नवीन पाठव, साहेबांची सही परत घे. सातव्या रकान्यात हे उतरव: 'सूत रंगवायच्या हौदांचं उरलेलं पाणी. सत्तावीस वर्षं दर शनिवारी मागच्या भिंतीशी तुतीखाली, नवरा-बायको दोघांनी ओतलं. शेवटची दोन वर्षं मागच्या पायरीशी पत्र्याखाली, बायकोने एकटीने.' खाली माझं पूर्ण नाव घाल, माहेरचं नाही, सासरचं.

शुद्धलेखन सुधार. मजकूर सुधारू नकोस.

मुलं सोमवारी येणार आहेत. कागद शनिवारी पाहिजे.

आत्या